नावांची यादी आधी, पानं नंतर

पायथॉन भाषेत जेसन स्वरूपातला मजकूर वाचायला दोन फंक्शनं आहेत, ‘लोड’ आणि ‘लोड्स’. नावात शेवटच्या एका अक्षराचा फरक. पहिलं उघडलेल्या फाइलमधून वाचतं, दुसरं हातात असलेल्या स्ट्रिंगमधून. स्ट्रिंग वाचताना ‘लोड्स’च्या जागी ‘लोड’ लिहिलं की प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि स्ट्रिंगमध्ये ‘रीड’ नावाचं काही नाही अशी तक्रार करतो. कराडच्या किंवा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ही तक्रार वाचून गोंधळतो. तो शेजारच्या मित्राला विचारतो, सरांना विचारतो, हल्ली चॅटबॉटलाही विचारतो. खात्रीचं उत्तर मात्र त्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्येच असतं, कारण ते फंक्शन लिहिणाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं असतं.

अडचण अशी, की डॉक्युमेंटेशन अफाट असतं. लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेली, आपल्या प्रोग्रॅमला जोडता येणारी तयार फंक्शनं. तक्त्यांतल्या आकड्यांसाठी जगभर वापरली जाणारी पँडास ही अशीच एक लायब्ररी. तिचं डॉक्युमेंटेशन छापायला घेतलं तर हजारो पानं होतील, आणि नेहमीच्या कामात अशा पाच-सहा लायब्रऱ्या एकाच वेळी लागतात. म्हणून डॉक्युमेंटेशन वाचून त्यातली हवी ती गोष्ट काढून देणारी वेगळी पॅकेजेस लिहिली गेली. ही पॅकेजेस वापरताना आपलं लक्ष शोधाच्या चौकटीकडे असतं. माझ्या मते त्यांचं मोठं काम त्याआधीच झालेलं असतं. पानातलं शीर्षक कोणतं, फंक्शनचं नाव कोणतं, त्याला काय द्यायचं, ते परत काय देतं, उदाहरण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे सगळं ओळखून सुटं करणं म्हणजे पार्स करणं. हे नीट झालं की शोध सोपा होतो. आणि ते नीट होईल की नाही, हे पान लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर ठरतं.

ग्रंथ सुटे करून पुन्हा शोधता येतील असे लावायचं हे काम सातारा जिल्ह्याला नवं नाही. वाईला कृष्णाकाठी ते संगणकाच्या कितीतरी आधी हातांनी झालं आहे. प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी मीमांसाकोशाचे सात खंड रचले. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी धर्मकोश हाती घेतला आणि १९३७ साली त्याच्या व्यवहारकांडाचा पहिला भाग बाहेर आला. धर्मकोशाची रीत आजच्या प्रोग्रॅमरने मुद्दाम पाहावी अशी आहे. सूत्रं, स्मृती, अर्थशास्त्र आणि त्यांवरच्या टीका असे अनेक ग्रंथ, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. कर्जाच्या देवघेवीबद्दल कोणी काय सांगितलं आहे हे पाहायचं तर सगळे ग्रंथ चाळावे लागत. कोशकारांनी ही वचनं ग्रंथांतून सुटी केली, विषयाच्या शीर्षकाखाली आणली, कालक्रमाने लावली आणि पाठभेद नोंदवले. प्रत्येक वचन कोणत्या ग्रंथातलं, त्यात ते कुठे आहे, हेही त्याच्यासोबत दिलं. वचन जागेवरून हललं तरी त्याचा पत्ता सुटला नाही. डॉक्युमेंटेशन वाचणाऱ्या कोणत्याही चांगल्या पॅकेजची पहिली कसोटी हीच असते: काढून दिलेली ओळ मूळ पानात नेमकी कुठे आहे ते सांगता आलं पाहिजे. पत्त्याशिवायची माहिती तपासता येत नाही.

मराठी विश्वकोशाचं कामही वाईतूनच चाललं. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० साली, यशवंतराव चव्हाणांच्या पुढाकाराने साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं. तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचे प्रमुख संपादकही. प्रकाशनाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९७३ साली आधी परिभाषासंग्रह आला, संहितेचा पहिला खंड त्यानंतर, १९७६ साली. विसावा खंड पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं. चार दशकं चाललेल्या, शेकडो लेखकांनी लिहिलेल्या कोशात एकाच गोष्टीला पहिल्या खंडात एक नाव आणि बाराव्यात दुसरं पडलं असतं, तर वाचकाला एका नोंदीवरून दुसरीकडे जाताच आलं नसतं. संपादकांनी नावं आधी पक्की केली. नोंदीची ठेवणही ठरवून दिली. मजकुरातल्या ज्या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे त्याच्या अलीकडे एक छोटा बाण असतो. शेवटी ‘पहा’ म्हणून जवळच्या नोंदी, ‘संदर्भ’ म्हणून ग्रंथांची यादी, आणि मग नोंद लिहिणाऱ्याचं नाव.

परिभाषासंग्रह छापखान्याच्या वाटेवर होता त्याच सुमारास, ३ नोव्हेंबर १९७१ रोजी, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स मॅन्युअलची पहिली आवृत्ती निघाली. वाई आणि बेल लॅब्ज यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता, तरी पानाची ठेवण किती जवळची आहे पाहा. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान, आणि प्रत्येक पानावर तीच शीर्षकं त्याच क्रमाने: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, लागणाऱ्या फाइली, ‘हेही पाहा’, चुकांचे संदेश, माहीत असलेले दोष, आणि शेवटी ज्याची जबाबदारी त्याचं नाव. दोषांसाठी शीर्षकच राखून ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. वापरणाऱ्याशी इतकं सरळ बोलणारी माहितीपुस्तिका आजही विरळाच.

या ठेवणीतून शोध जन्माला आला. ‘नाव’ या शीर्षकाखाली आज्ञेचं नाव, मग एक आडवी रेघ आणि ती आज्ञा काय करते हे सांगणारा एका ओळीचा खुलासा, असा प्रघात पडला. पुढे आलेल्या एका छोट्या साधनाने सगळ्या पानांतली फक्त ही एक ओळ उचलली, तिची यादी केली आणि त्या यादीत शोध सुरू केला. ही पानं दाखवणाऱ्या ‘मॅन’ या आज्ञेला ‘के’ हा पर्याय जोडला की आजही हेच घडतं. पूर्ण पान वाचायची गरजच पडत नाही. पानं लिहिणाऱ्या हजारो अनोळखी माणसांनी एका ओळीचा नियम पाळला एवढ्यावर ते साधन जवळपास अर्धशतक टिकलं आहे.

पायथॉनने हा नियम पुढे नेला. फंक्शनच्या पहिल्याच ओळीवर अवतरणात लिहिलेला मजकूर भाषा जपून ठेवते. त्याला डॉकस्ट्रिंग म्हणतात. ती कशी लिहावी याचे संकेत २००१ साली ठरले: पहिली ओळ एका छोट्या वाक्याची, वाक्याला पूर्णविराम, मग एक रिकामी ओळ, मग सविस्तर वर्णन. त्याच वर्षी पायथॉनच्या २.१ आवृत्तीत का-पिंग यी यांचं ‘पायडॉक’ हे मॉड्यूल आलं. ते डॉकस्ट्रिंग वाचून टर्मिनलवर किंवा ब्राउझरमध्ये दाखवतं. त्यालाही ‘के’ हा पर्याय आहे आणि त्याचं कामही तेच, सगळ्या मॉड्यूलांच्या पहिल्या ओळींत शब्द शोधायचा.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. डॉकस्ट्रिंग मिळवायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने मॉड्यूल प्रत्यक्ष सुरू करायचं आणि त्यातल्या वस्तूंना त्यांची माहिती विचारायची. पायडॉक बहुतेक वेळा असंच करतं, आणि म्हणून मॉड्यूलमध्ये वरच्या पातळीवर लिहिलेला सगळा कोड त्या वेळी चालतो. नुसती माहिती वाचायला गेलो आणि कोणाची तरी फाइल पुसली गेली, असं यातून होऊ शकतं. दुसऱ्या वाटेने कोड न चालवता त्याचा मजकूर व्याकरणाने सोडवायचा. वाक्याचे भाग पाडावेत तसं प्रोग्रॅमचं झाड तयार होतं आणि त्यातून डॉकस्ट्रिंग उचलता येते. पायथॉनच्या ‘एएसटी’ मॉड्यूलमध्ये याची सोय आहे. ही वाट सुरक्षित आहे, पण प्रोग्रॅम चालताना तयार होणारी फंक्शनं तिला दिसत नाहीत. अनोळखी लायब्ररी तपासताना मी दुसरीच वाट धरायला सांगेन.

डॉकस्ट्रिंगच्या आतही रचना असते, आणि तिचे घाट वेगवेगळे. नमपाय या लायब्ररीवाल्यांच्या घाटात ‘पॅरामीटर्स’ असं शीर्षक लिहून त्याखाली रेघांची ओळ ओढतात. गूगलच्या घाटात शीर्षकापुढे अपूर्णविराम देऊन खालचा मजकूर आत सरकवतात. जुन्या घाटात प्रत्येक माहितीच्या नावाआधी आणि नावानंतर अपूर्णविराम असतात. पार्स करणाऱ्या पॅकेजला आधी घाट ओळखावा लागतो, मगच तुकडे पाडता येतात. एकाच फाइलमध्ये दोन घाट मिसळलेले असले की ते चुकतं, आणि त्याचा दोष पॅकेजला देता येत नाही.

यापुढचा टप्पा मला सगळ्यात जास्त भावतो. २००८ साली गेओर्ग ब्रांड्ल यांनी पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनसाठी ‘स्फिंक्स’ हे साधन केलं. आज असंख्य लायब्रऱ्यांची माहिती त्यातून तयार होते. स्फिंक्स वेबपानं बनवतं, आणि त्यांच्यासोबत ‘ऑब्जेक्ट्स’ नावाची एक लहानशी इन्व्हेंटरी फाइलही बनवतं. तिच्या पहिल्या चार ओळी साध्या मजकुरात असतात: ही स्फिंक्सच्या यादी-स्वरूपाची दुसरी आवृत्ती आहे, प्रकल्पाचं नाव हे, प्रकल्पाची आवृत्ती ही, आणि यापुढचं सगळं दाबून लहान केलेलं आहे. तो भाग उलगडला की एका गोष्टीला एक ओळ. ओळीत पाच रकाने. पहिल्यात पूर्ण नाव. दुसऱ्यात प्रकार, म्हणजे फंक्शन आहे की क्लास की नुसतं शीर्षक. तिसऱ्यात शोधातलं प्राधान्य, चौथ्यात पानाचा पत्ता, पाचव्यात वाचकाला दाखवायचं नाव. पत्त्याच्या शेवटी पुन्हा तेच नाव येत असेल तर ते न लिहिता डॉलरचं चिन्ह, आणि दाखवायचं नाव मूळ नावासारखंच असेल तर नुसती आडवी रेघ. जागा वाचवण्याची ही काटकसर बघून कोणाही कोशकाराला आनंद होईल.

एवढ्या यादीच्या बळावर एका लायब्ररीची पानं दुसरीच्या पानांना बाण दाखवू शकतात. पँडासच्या पानावर नमपायचं नाव आलं की स्फिंक्स नमपायची यादी मागवतं, नाव शोधतं आणि दुवा जोडतं. कोणी हाताने पत्ते लिहीत बसत नाही. या याद्या उघडून बघण्यासाठी वेगळं पॅकेजही आहे. ते यादी उलगडतं, वाचनीय करतं, आणि अर्धवट आठवणाऱ्या नावावरून जवळची नावं सुचवतं. वेबपानं खरवडून माहिती काढण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं. लेनर्ड रिचर्डसन यांचं ‘ब्यूटिफुल सूप’ २००४ पासून वेबपानं सोडवायला वापरलं जातं आणि ते उत्तम आहे, पण पानाची सजावट बदलली की त्यावर बेतलेले नियम मोडतात. यादीचा घाट वर्षानुवर्षं तोच राहतो.

आता प्रत्यक्ष शोध. त्याचा पाया म्हणजे उलटी सूची: पानात कोणते शब्द आहेत हे न लिहिता, शब्द कोणकोणत्या पानांत आहे हे लिहायचं. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा एक अख्खा खंड सूचीचा आहे, तो याच विचाराने. यंत्र त्यात वजनाची भर घालतं. कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलं, की जो शब्द थोड्याच पानांत येतो तो शोधात जास्त मोलाचा. ‘फंक्शन’ हा शब्द सगळीकडे असतो, त्याने काही निवडता येत नाही. ‘टाइमझोन’ मोजक्या पानांत असतो, तो थेट जागेवर नेतो. नावांच्या बाबतीत आणखी एक पायरी लागते. प्रोग्रॅममधली नावं जोडून लिहिलेली असतात, मध्ये अंडरस्कोअर, टिंब किंवा मोठं अक्षर. ती फोडली नाहीत तर ‘सीएसव्ही’ शोधणाऱ्याला ‘रीड_सीएसव्ही’ सापडणार नाही. आणि लिहिताना एखादं अक्षर चुकलं तरी जवळचं नाव मिळावं म्हणून लेवेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडलेलं अंतर मोजतात: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील.

तरीही शोध अडतो, आणि तो कुठे अडतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा, सांगलीच्या बाजार समितीतल्या हळदीच्या रोजच्या दरांची फाइल एका विद्यार्थ्याकडे आहे आणि त्याला दर महिन्याची सरासरी हवी आहे. तो ‘महिना’ आणि ‘सरासरी’ यांचे इंग्रजी शब्द टाकून शोधतो. पँडासमध्ये या कामाचं साधन ‘रीसँपल’ आहे, आणि त्याच्या एका ओळीच्या खुलाशात हे दोन्ही शब्द नाहीत. तिथे काळानुसार असलेल्या आकड्यांचं पुन्हा नमुनीकरण एवढंच म्हटलं आहे. संख्याशास्त्र शिकलेल्याला ते पुरतं, हळदीचे दर घेऊन आलेल्याला पुरत नाही. नाव, खुलासा आणि उदाहरणं तिन्ही सूचीत घेतली तर उदाहरणातल्या शब्दावरून पान हाताशी येण्याची शक्यता वाढते. अर्थाच्या जवळिकीवरून शोधणारी नवी तंत्रं हे अंतर आणखी कमी करतात. पण उदाहरण मुळात कोणीतरी लिहिलेलं असावं लागतं.

आवृत्तीचा प्रश्न याहून घातकी. पँडासमध्ये तक्त्याला ओळ जोडायला ‘अपेंड’ होतं. १.४ आवृत्तीत ते वापरू नका असा इशारा आला, आणि एप्रिल २०२३ मध्ये निघालेल्या २.० मध्ये ते काढूनच टाकलं. त्याआधी लिहिलेली पुस्तकं आणि वह्या मात्र ‘अपेंड’ने भरलेल्या आहेत. चॅटबॉटही त्यांवरच शिकलेले, म्हणून ते आजही हे नाव बिनधास्त सुचवतात. उपाय एकच: आपल्या संगणकावर बसवलेली आवृत्ती कोणती ते पॅकेजने आधी विचारावं आणि त्याच आवृत्तीची यादी वाचावी. चॅटबॉटला उत्तर देण्याआधी अशा यादीतून खरी पानं काढून देण्याची पद्धत आता रूढ होते आहे, आणि ते योग्यच आहे. यादीत नसलेलं फंक्शन उत्तरात आलं तर ते लगेच पकडता येतं.

हे सगळं इंग्रजीत घडतं. मराठीत डॉक्युमेंटेशन लिहिलं तर? लिहायला काही आडकाठी नाही. पायथॉनची तिसरी आवृत्ती देवनागरीतली डॉकस्ट्रिंग जशीच्या तशी वाचते. अडतं ते शोधात. ‘सातारा’ शोधणाऱ्या यंत्राला ‘साताऱ्यात’ सापडत नाही, कारण विभक्ती लागताना शब्दाचं अंगच बदलतं: ‘रा’चा ‘ऱ्या’ होतो. युनिकोडमध्ये र चा क्रमांक ०९३० आणि ऱ चा ०९३१, म्हणजे यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरं. भरीला, डोळ्यांना सारखं दिसणारं हे अक्षर तीन प्रकारे लिहिता येतं: ऱ चा स्वतंत्र क्रमांक वापरून, र ला नुक्ता जोडून, किंवा र चा पाय मोडून पुढे शून्य रुंदीचा जोडक घालून. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या सामान्यीकरणात एक होतात. तिसरा होत नाही, तो पॅकेजने स्वतः बदलून घ्यावा लागतो. वाई, सांगली, मिरज ही नावं त्या मानाने सरळ, ‘वाईत’ आणि ‘सांगलीहून’ यांत मूळ नाव शाबूत राहतं.

क्रमाचंही तसंच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून कोशात ‘पसरणी’ आधी आणि ‘पळशी’ मागून. युनिकोडने ळ ल च्या शेजारी बसवला आहे. निव्वळ क्रमांकांवर लावलेल्या यादीत ‘पळशी’ वर जाते आणि कोशाच्या सवयीने शोधणारा वाचक ती खाली धुंडाळत राहतो. मराठीचा क्रम वेगळा सांगावाच लागतो. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मजकुरात ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार आहेत. जुने ग्रंथ शोधात घ्यायचे तर तेही सांभाळायला हवेत.

इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटायची मार्टिन पोर्टर यांची रीत १९८० सालची. स्फिंक्सच्या शोधात तुर्की आणि हंगेरियन भाषांचीही अशी सोय आहे, मराठीची नाही. पण सामग्री नाही असं म्हणता येणार नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या भाषातंत्रज्ञान गटाने मराठीचं वर्डनेट बांधलं आहे आणि शब्दरूपं सोडवण्यावर बरंच काम केलं आहे. सांगली-कराडच्या एखाद्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी यातलंच काम घ्यावं असं मला मनापासून वाटतं. ते आवाक्यातलं आहे. स्फिंक्सच्या पाच रकान्यांना सहावा जोडायचा आणि त्यात नावाचं सामान्यरूप लिहायचं. ‘सातारा’च्या ओळीत ‘साताऱ्या’, ‘तक्ता’च्या ओळीत ‘तक्त्या’, ‘ओळ’च्या ओळीत ‘ओळी’. मग ‘तक्त्यात ओळी जोडणे’ असं टाकणाऱ्याला ‘तक्ता’ आणि ‘ओळ’ या दोन्ही नोंदी मिळतील. सामान्यरूपाचे नियम शाळेच्या व्याकरणात दिलेले आहेत, अपवादांची यादी हाताने करावी लागेल, आणि कामाला सुरुवात त्या यादीपासून करावी.